त्यांच्यासाठी चहा

आमच्या मोठ्या वन्सं ज्या गोष्टीला घाबरत नाहीत, अशी गोष्ट पालघर जिल्ह्यात अजून तयार व्हायची आहे. इकडे नणंदेला कोणी वन्सं म्हणत नाही. मी कराडची, लग्न होऊन पालघरला आले तेव्हा तो शब्द माहेरच्या पितळी डब्यांबरोबर घेऊन आले, आणि त्यांना तो आवडला. ताई म्हटलं की बाजारात दहा जणी वळून बघतात, त्यातली भलतीच कोणी आपल्याऐवजी तुझ्याबरोबर घरी आली तर काय करायचं, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. बेटेगावात त्यांचं घर आहे. पुढे ओटी, मागे चिकूची आणि नारळाची वाडी, आणि घरात त्या नि दाजी, दोघंच. दाजी म्हणजे त्यांचे यजमान. बोईसरच्या एका कारखान्यात जन्म काढून ते निवृत्त झाले आणि आता दिवसभर ओटीवर खुर्ची टाकून रस्त्यावर लक्ष ठेवतात. मुलगी लग्न होऊन गुजरातेत गेली. एवढ्या शांत घरात माणसाला भ्यायला काय मिळणार, असं कोणालाही वाटेल, पण शोधणाऱ्याला सगळं सापडतं.

भिण्याच्या बाबतीत वन्सं आळशी नाहीत. नुसत्या भीत बसत नाहीत, कामाला लागतात. डहाणूकडे जमीन हलायला लागली तेव्हा त्यांनी फडताळावर स्टीलचे सहा पेले एकावर एक रचून ठेवले. हललं की पेले पडणार, पेले पडले की घरातल्यांनी हातातलं टाकून अंगणात जायचं. एकदा मी तिथे राहायला गेले असताना पेले पडले. दाजी आंघोळ अर्धवट टाकून टॉवेलात, अंगाला साबण तसाच, आणि मी हातातल्या लाटण्यासकट, असे आम्ही दहा मिनिटं अंगणात उभे होतो. मग फडताळावरून मांजर उतरलं आणि शांतपणे बाहेर आलं. दाजींनी वन्संकडे बघितलं. ‘मांजरालाच आदी कळतं,’ वन्सं म्हणाल्या, आणि आम्हाला आणखी पाच मिनिटं उभं केलं. तारापूरच्या वीजप्रकल्पाचा सराव असला की भोंगा वाजतो. तो वाजणार हे सगळ्यांना आधी सांगितलेलं असतं, वन्संनाही सांगितलेलं असतं. तरी त्या खिडक्या लावतात, ओला पंचा नाकाशी धरतात आणि विचारतात की, सराव हाय असं सांगून खराच वाजवला तर? मुरब्याला चुलतबहिणीकडे गेल्या की समुद्राकडे पाठ करून बसत नाहीत, लक्ष असलेलं बरं. कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत ओटीवर येऊन उभ्या राहतात. मी आधी हसायचे. आता माझ्या पालघरच्या स्वयंपाकघरात कुकर लावला की मीही बाल्कनीत असते, आणि फडताळावर चार पेले आहेत. भीतीची लागण होते, हे मी स्वानुभवाने सांगते.

या सगळ्या भीतीचा एक कायदा होता, आणि तो म्हणजे नाव घ्यायचं नाही. तसं आपण सगळेच थोडंफार पाळतो. तिन्हीसांजेला सापाला साप म्हणत नाही, लांबडं म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. वन्संनी हा कायदा वाढवत वाढवत पार औद्योगिक वसाहतीपर्यंत नेला. भूकंप म्हणजे ‘हलणं’. कारखान्यांकडून वाऱ्याबरोबर काही आलं तर ‘तो वास’. वीजप्रकल्प म्हणजे ‘तिकडचं’. चार वर्षांपूर्वी दाजींच्या छातीत दुखलं, मुंबईला नेऊन आत स्प्रिंग बसवावी लागली, आठ दिवस आमच्या कोणाच्या जिवात जीव नव्हता, ते सगळं म्हणजे ‘ते मागचं’. नाव घेतलं की आपण हाक मारल्यासारखं होतं आणि मग ते येतं, असा त्यांचा हिशेब. दाजी म्हणायचे, या बाईशी बोलायचं म्हणजे कोडी सोडवत बसायचं. पण ते मागचं झाल्यापासून तेही ते शब्द टाळायला लागले होते. माझ्या लक्षात आलं होतं.

सगळ्यांत जास्त वन्सं कुत्र्यांना भीत. लहानपणी सातपाटीच्या आजोळी एक कुत्रा मागे लागला होता आणि त्या वाळत घातलेल्या बोंबलांच्या खाली जाऊन दुपारभर बसल्या होत्या. त्यामुळे कुत्रा हा शब्द त्यांच्या घरात नव्हताच. आणि नेमका त्यांच्याच फाटकाशी एक येऊन राहिला. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला. कोणीतरी त्याला मारलेलं असावं, कारण तो माणसाला वन्संपेक्षाही जास्त भ्यायचा. हात उचलला की दहा पावलं मागे. वन्संना रोज पहाटे नाक्यावर दूध आणायला जावं लागे. रस्त्याला दोन्हीकडे गवत आणि गवतात लांबडं. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की, आपण निघालो की हा पुढे निघतो. दहा पावलं पुढे, मागे वळून बघायचं नाही, नाक्यापर्यंत सोडायचं, दूध घेईपर्यंत थांबायचं आणि तसंच परत आणायचं. वन्सं त्याच्यासाठी फाटकाबाहेरच्या दगडावर भाकरी ठेवत आणि मागे सरत. त्या दहा पावलं गेल्या की तो पुढे येई. दोघांनी एकमेकांना कधी हात लावला नाही. सात वर्षं हे असं चाललं. ज्याची भीती वाटते त्याला अरेतुरे करायचं नाही म्हणून वन्सं त्याला अहोजाहो करत. ‘ते जेवले,’ ‘ते आज उशिरा आले,’ असं. बाहेरच्या माणसाला दाजी की कुत्रा ते कळत नसे, आणि दाजींना आपल्याबद्दल चाललंय असं वाटून ते खुर्चीतून ‘हो, जेवलो’ म्हणत.

मागच्या वर्षी पहाटे वळणावर एक टेम्पो जोरात आला. कुत्रा पुढे होता म्हणून त्याला लागला. मागचा पाय पार चिरडला. वन्सं रस्त्यातच खाली बसल्या, दुधाची पिशवी फुटलेली. टेम्पो केव्हाच गेला होता. धावत आलेल्या दाजींनी कुत्र्याला गोणपाटात घेतलं आणि रिक्षात घातलं. वन्संची त्या रिक्षात बसायची छाती होईना, म्हणून त्या दुसऱ्या रिक्षाने मागून गेल्या. बोईसरच्या पुढे एक बाई पत्र्याच्या शेडमध्ये जखमी जनावरं सांभाळतात, तिथे पोहोचल्या. शेडवाल्या बाईंनी पाय बघितला आणि सांगितलं की पाय काढावा लागेल, आणि या आठवड्यात काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. ऑपरेशनचा खर्च होता, आणि शेडमध्ये असे आणखी पंधरा-वीस जीव होते, बाई बिचाऱ्या एकट्या. दाजींच्या औषधांवर आधीच पेन्शन जात होतं. मग बाईंनीच सुचवलं की चार ओळखीच्या लोकांना घरी चहाला बोलवा, मी येऊन दोन शब्द बोलते, एक डबा ठेवा, लोक देतात. वन्सं मला फोनवर म्हणाल्या, ‘टेम्पो माज्यावरच येत होता गो. ते पुढं होते. आता ते रात्रंदिस भीत असतील तिथं, एवड्या मानसांत.’ त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला भीतीच वाटली.

निमंत्रणाचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आणि मला तपासायला पाठवला, कारण मी शाळेत मराठी शिकवते. आता या प्रकरणातला माझा वाटा सांगायला हवा. मजकूर असा होता: ‘रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी त्यांच्यासाठी चहा हाय. त्यांनी इतकी वर्सं दारात बसून आमची राखण केली. सगळ्यांनी यावं, यथाशक्ती आणावं.’ मी ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘वर्सं’चं ‘वर्षं’ केलं, एक स्वल्पविराम घातला आणि फार हृद्य झालंय असा शेरा दिला. वन्संनी तो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, दाजींच्या जुन्या सोबत्यांना धाडला आणि फोन बंद करून ठेवला, कारण उलट काय येईल याची भीती. माझ्या माहेरी मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भाकरी नेतात. इकडे अशा घरी भेटायला जाताना चहा-साखर नेतात, हे इतकी वर्षं इथे राहून, चार वेळा स्वतः नेऊन, मला माहीत होतं. पण व्याकरण तपासताना माणसाला बाकी काही दिसत नाही.

रविवारी मी दुपारीच गेले. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, स्टीलचा डबा धुऊन त्याच्या झाकणाला फट पाडली. दाजी मागे वाडीत चिकू काढायला गेले होते. पाहुण्यांना देऊ म्हणाले. चारला दहा मिनिटं असताना फाटक वाजलं. मुरब्याहून मासळी घेऊन येणारी मावशी होती, वीस वर्षांची ओळख. पण आज टोपली नव्हती. हातात चहाचा पुडा आणि साखरेची पिशवी होती, आणि डोळे लाल. ती सरळ आली, वन्संच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडला. ‘कवा झालं गो बाय? परवा तं मना इचारलं, बोंबील ताजं हायत का. मानूस कसा गेला गो?’ वन्संना वाटलं शेडमधून काही निरोप आला. त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि विचारू लागल्या, कोणी सांगितलं, कोणी सांगितलं. मी मध्ये पडणार तोच मागून आणखी लोक आले. सातपाटीचे मामेभाऊ, पालघरची माणसं, कारखान्यातले चार सोबती, सगळे पांढऱ्या-फिक्या कपड्यांत, खाली मान घालून, आणि प्रत्येकाच्या हातात चहा, साखर, कोणाकडे बिस्किटांचे पुडे. पुडे एकामागून एक ओटीच्या कोपऱ्यात ठेवले जात होते. सोबत्यांपैकी एकांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, ‘मुंबईलाच उरकलं का? हार्टचंच ना?’ आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जे हृद्य म्हटलं होतं त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. आता दाजी मागच्या दाराने आले तर? त्या धक्क्याने कोणाला काही झालं तर? सगळेच साठीच्या पुढचे होते.

दाजी आलेच. बनियन, गुडघ्यापर्यंत पंचा, हातात चिकूंची पाटी. सगळे उभे राहिले. मावशी किंचाळली आणि मग तोंडावर हात धरून खाली बसली. दाजींनी आपल्या सगळ्या माणसांना एकत्र, पांढऱ्या कपड्यांत बघितलं, पुडे बघितले, आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘कोण गेलं?’ सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कारखान्यातले ते सोबती म्हणाले, ‘तू.’ दाजींनी पाटी खाली ठेवली.

मी वन्संकडे बघितलं तर त्या ओटीवर नव्हत्या. आत गेले. त्या ओट्याशी जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. वर मोठ्या टोपात चहा उकळत होता आणि त्यांना त्याची भीती वाटत नव्हती, इतक्या त्या दुसरीकडे होत्या. मी शेजारी बसले आणि गैरसमज झालाय, माझीच चूक आहे, असं काहीतरी बोलत राहिले. त्या म्हणाल्या, ‘अशीच येतील गो. ही मानसं, ह्याच खुर्च्या. आज मला सगळं दिसलं.’ तीन वर्षं त्यांनी ज्याचं नाव घेतलं नव्हतं, ज्याच्यासाठी दाजींच्या श्वासाकडे कान देऊन त्या पहाटेची वाट बघत असत, ते बिनबोलावता ओटीवर येऊन बसलं होतं. कायदा पाळूनही आलं होतं. मी त्यांचा हात धरला. बाहेर दाजी कोणाला तरी समजावत होते की मी ठीक आहे, मला काही झालेलं नाही, आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत होते. मग चहा उतू गेला. वन्सं उठल्या, टोप खाली उतरवला, डोळे पुसले आणि ओटीवर गेल्या. मला वाटलं आता घेरी येऊन पडतात.

‘कुत्रा हाय,’ त्या म्हणाल्या. ओटीवर कोणालाच काही समजलं नाही. त्यांनी ओटीच्या खांबाला धरलं. ‘कुत्र्यासाठी चहा हाय. आमचा कुत्रा हाय, त्याचा पाय मोडलाय. ऑपरेशन नाय झालं तं तो मरल.’ त्यांच्या तोंडून एका दमात चार गोष्टींची नावं निघाली होती. दाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी सांगते, मला त्या वेळी रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. नाहीतरी रडायची व्यवस्था तिथे चोख होती.

पहिली हसली ती मावशी. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं, आता तुझा दादला शंभर वर्षं जगतो, असं म्हणून ती दाजींच्या अंगाला हात लावून खात्री करून आली. मग सगळे हसले, जरा जास्तच मोठ्याने. एवढ्यात शेडवाल्या बाई आल्या. त्यांना वाटलं, किती प्रसन्न वातावरण आहे. जिवंत माणसावर रडल्याची भरपाई म्हणून लोकांनी डब्यात मोकळ्या हाताने टाकलं. पण खरा पेच पुढेच होता. दुखवट्याला आणलेली चहा-साखर कोणी परत घरी नेत नाही. ते अशुभ. आणि वन्सं ती घरात ठेवायला तयार नव्हत्या. ते तर महाअशुभ. बिस्किटं शेडकडे गेली, तिथे ती खाणारे होते. चहा-साखरेचा ढीग मात्र संध्याकाळपर्यंत ओटीवर पडून होता आणि वन्सं त्याच्यापासूनही दहा पावलांवर होत्या. शेवटी मी आणि दाजी रिक्षात घालून कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर घेऊन गेलो. टपरीवाला भैया दाजींना ओळखत होता. माल कुठून आला ते लपवून विकणं बरं नव्हे म्हणून दाजींनी त्याला सगळं खरं सांगितलं. त्याने दाजींना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, ‘आप ज़िंदा हैं, तो चाय में क्या खराबी है?’ त्याने योग्य भाव दिला. मंगळवारी ऑपरेशन झालं.

महिन्याने तो तीन पायांवर परत आला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर रुजू झाला. चाल मंदावली होती, म्हणून वन्संही सावकाश चालत; मधलं अंतर तेवढंच. दर दोन महिन्यांनी शेडसाठी चहा व्हायला लागला. निमंत्रणात मी आता ‘कोणाचंही निधन झालेलं नाही’ अशी ओळ घालते. वन्सं मात्र पुन्हा आपल्या कायद्यावर गेल्या होत्या. तो एकदाच मोडायचा होता, मोडला. पुन्हा ‘ते’, पुन्हा ‘ते मागचं’, फडताळावर पेले सहाचे आठ झाले.

या दिवाळीनंतर एका सकाळी मी शाळेत निघाले असताना त्यांचा मेसेज आला. दोनच शब्द. ‘ते गेले.’ मी फोन लावला, तो बंद. दाजींचा लावला, वाजत राहिला. स्टेशनबाहेरून बोईसरची शेअर रिक्षा धरली, आणि तो सगळा रस्ता मी एकच प्रार्थना करत होते, जी करायची मला लाज वाटत होती, कारण एकासाठी मागायचं म्हणजे दुसऱ्याला देऊन टाकायचं. नाक्यावर उतरले. हात रिकामे कसे न्यायचे, म्हणून दुकानातून चहाचा पुडा आणि साखर घेतली. फाटकाशी दगड होता, दगडावर कालची भाकरी तशीच. वाडीतून खणण्याचा आवाज येत होता. चिकूखाली दाजी घाम पुसत उभे होते, हातात फावडं. माझ्या तोंडून ‘देवा’ निघालं आणि पाठोपाठ शरमही वाटली.

वन्सं जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्या समोर गोणपाटात तो होता, झोपेतच गेला होता म्हणे, फाटकाशी. त्यांचा हात त्याच्या फाटक्या कानावर होता. मी आल्याचं त्यांना कळलं तरी त्यांनी हात काढला नाही. आता दोघांपैकी कोणालाच भ्यायचं कारण उरलं नव्हतं. मग त्यांना माझ्या हातातले पुडे दिसले. मला वाटलं रागावतील.

‘ठेव तिथं,’ त्या म्हणाल्या. ‘आज बरोबर आणलीस.’

त्याच चहा-साखरेचा चहा त्यांनी केला आणि आम्ही तिघांनी ओटीवर घेतला. निघताना मी येते म्हटलं. त्या म्हणाल्या, नाक्यापर्यंत मीही येते, उद्याचं दूध आणायचं आहे. गवतातून वाट तशीच होती. थोडं गेल्यावर मला जाणवलं की त्या माझ्या बरोबरीने चालत नाहीत, मागे राहिल्यात, दहा पावलं. मी थांबणार होते, पण थांबले नाही. पावलं जरा सावकाश टाकली आणि नाका येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही. तेही कधी बघत नसत.